अप्पांचे सहा आणे

फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. आमच्या मुलींच्या हॉकी संघाचे साखळी सामने चालू होते आणि घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी होता. अप्पांचा मुलगा नितीन बोलत होता. "काका, अप्पा गेले," एवढंच म्हणून तो थांबला... मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. "येतो" म्हणालो असेन. पण फोन खिशात ठेवल्यावर मी लगेच निघालो नाही, हे मात्र लख्ख आठवतं. चुन्याचा डबा उचलला आणि गोलसमोरची अर्धगोल रेघ, म्हणजे 'डी', पुरी करायला घेतली. ती वाकडी झाली. अप्पा असते तर कमरेवर हात ठेवून म्हणाले असते, "मास्साब, हा डी आहे का पपई?" मग मी तिथेच बसलो. मुली लांबून बघत होत्या, जवळ कोणी आली नाही. माझ्या तापट स्वभावाची सगळ्यांना सवय आहे, रडण्याची नाही.

अप्पा पटवारी होते. जमिनीच्या नोंदी ठेवणं, शेतं मोजणं, पिकं पाहणं यात त्यांची सगळी नोकरी गेली. आमची ओळखही मोजणीतूनच झाली. तीसेक वर्षांपूर्वी मी बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत व्यायाम शिक्षक म्हणून नवाच लागलो होतो, आणि मैदानाच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी शाळेचा तंटा चालू होता. मोजायला अप्पा आले. साखळी ओढत दुपारभर उन्हात फिरले, वहीत आकडे लिहिले, आणि हद्दीबद्दल चकार शब्द न काढता मला म्हणाले, "मास्साब, शंभर गज बाय साठ गज. हे तं हॉकीचं मैदान आहे. इथं किरकेट काबरं खेळवता?" आमच्याकडे मास्तरला मास्साब म्हणायची हिंदी रीत आहे. मी म्हटलं, मला हॉकी येत नाही. "मले येते," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकलच्या दांडीला दोन जुन्या स्टिका बांधून हजर झाले. तंट्याचा निकाल काय लागला ते मी विसरलो. हॉकी मात्र राहिली.

तरुणपणी ते गोलकीपर होते. हाताची दोन बोटं कायमची वाकलेली होती आणि ती ते मुलींना मोठ्या अभिमानाने दाखवत. खेळ शिकवायचं काम त्यांनी हळूहळू माझ्यावर सोपवलं आणि स्वतःकडे एकच काम ठेवलं. दरवर्षी बाद फेरीच्या आधी संघाचा अंदाज सांगायचा. आपण कुठवर जाऊ, जिंकायची आशा धरावी की नाही, हे ते आण्यांत सांगत. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. पटवारी पिकाची आणेवारी ठरवतो ना, तशीच. सरकार ती आता पैशांत मोजतं, पण अप्पांच्या तोंडात आणेच होते.

आणि त्यांची पाहायची पद्धतही शेतातलीच! अख्ख्या गावाचं पीक पाहता येत नाही म्हणून पटवारी काही तुकडे चिठ्ठीने निवडतो आणि तेवढेच कापून तोलतो. अप्पा अकरा मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या करत, दोन उचलत, आणि चार संध्याकाळ फक्त त्या दोघींना बघत. चेंडू कुठे आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. चेंडू हातचा गेल्यावर ती किती पावलं मागे धावते, गोल खाल्ल्यावर कोणाकडे बघते, पाणी प्यायला आधी पळते की शेवटी... मी वैतागून म्हणायचो, "अप्पा, गोल कोण मारतंय तिकडे तरी बघा!" ते म्हणायचे, "बांधावरून सगळ्यांचंच पीक हिरवं दिसते, मास्साब." मग शेवटच्या संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर माझ्या कानाशी आकडा सांगत. पाच, सात, एकदा नऊ, त्या साली आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. तो आकडा आमच्या दोघांत राही. आणि माझ्या आठवणीत तो एकदाही चुकला नव्हता.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला माझा हात अडतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा संघ पहिल्यांदाच राज्याच्या बाद फेरीत पोचला होता. त्या संघात रोशनी होती. दापोऱ्याची मुलगी, वडिलांची केळीची शेती, रोज बसने यायची आणि बस चुकली तर कोणाच्याही टेम्पोत बसून यायची. इतकी वेगवान फॉरवर्ड मी पाहिली नव्हती. एक खोड होती, चेंडू गेला की ती मागे यायची नाही. पुढेच उभी राहायची, हात कमरेवर, जणू चेंडू परत तिच्याकडे येणारच आहे. त्यावरून मी तिला रोज ओरडायचो. तिचं वयाच्या गटातलं ते शेवटचं वर्ष. बाद फेरीला राज्याचे निवड करणारे येणार होते. वडिलांनी तिला एकच शब्द दिला होता, निवड झाली तर वसतिगृहात जा, खेळ. नाहीतर स्टिक ठेव आणि घरच्या धंद्याला हात लाव. हे मला माहीत होतं. संघातल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

बाद फेरी टर्फवर होती. आमच्या मुली मातीत खेळणाऱ्या, टर्फवर चेंडू कसा पळतो ते त्यांनी पाहिलंही नव्हतं. पालकांनी ठरवलं की सरावासाठी दोन दिवस टर्फ मिळावं आणि मुलींना बूट मिळावेत असा अर्ज वर क्रीडा खात्याकडे करायचा, आणि अर्जासोबत संघाचा जाणकाराकडून लेखी अंदाज जोडायचा. जाणकार म्हणजे अप्पाच. त्यांनी नेहमीसारख्या चिठ्ठ्या टाकल्या, चार संध्याकाळ पाहिलं, आणि पाचव्या दिवशी कागद लिहून पालकांच्या हाती दिला. त्याच दुपारी ते खकनारला लेकीकडे गेले, नातवाची मुंज होती. त्या वर्षी टपरीवरचा चहा झाला नाही. कागदाची एक प्रत माझ्याकडे आली. ठळक पटवारी अक्षरात लिहिलं होतं: संघाची आणेवारी, सहा आणे.

मी संतापलो. नुसता संतापलो नाही, घाबरलो. मला हा संघ दहा आण्यांच्या खाली वाटतच नव्हता. पण अप्पांचा आकडा चुकत नाही, मग मलाच काय दिसलं नाही? फोन उचलून विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मनात म्हटलं, इतकं जवळचं माणूस आणि आकडा मला कागदावरून कळतो, तर मी कशाला विचारू! दोन दिवस झोप नाही, जेवण नाही. शेवटी ठरवलं की कच्चा असणार तो आमचा बचाव. सहा आण्यांच्या संघाने हल्ला करायचा नसतो, टिकून राहायचं असतं. मागे न येणारी फॉरवर्ड अशा संघाला परवडत नाही. मी रोशनीला बाहेर बसवलं आणि तिच्या जागी एक बॅक वाढवली.

अर्ज मात्र मंजूर झाला होता. बुटांची खोकी आली, टर्फवर दोन दिवस सरावही मिळाला. रोशनीने नवे बूट घातले आणि बाकावर बसली. सामना सगळाच्या सगळा आमच्या अर्ध्या मैदानात झाला. पोरी जिवाच्या आकांताने अडवत होत्या, आणि पुढे चेंडू घ्यायला कोणीच नव्हतं. अडवलेला प्रत्येक चेंडू परत आमच्यावरच येत होता. रोशनी स्टिक मांडीवर आडवी धरून बसली होती. शेवटी ती उठून माझ्याजवळ आली. "सर, मला उतरवा ना. दस मिनट. फक्त दस मिनट." मी मैदानावरची नजर न काढता म्हटलं, "बस जाऊन." शेवटच्या मिनिटांत पेनल्टी कॉर्नरवर एक गोल बसला आणि आम्ही हरलो. निवड करणाऱ्यांच्या कागदावर तिचं नाव असायचं कारणच नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिने बूट काढून खोक्यात घातले आणि खोकं माझ्या बाजूच्या सीटवर ठेवलं. "सर, हे दुसरीला होतील," म्हणाली. त्यानंतर ती मैदानावर आली नाही.

गावात मात्र अप्पांचं नाव झालं. अप्पांनी आधीच ओळखलं होतं, सहा आणे म्हणजे सहा आणे! जो तो हेच म्हणत होता, आणि सगळ्यात मोठ्याने मी म्हणत होतो. शाळेच्या कार्यक्रमात त्यांना शाल-नारळ द्यायचं मीच सुचवलं. अप्पा आलेच नाहीत. निरोप पाठवला की गुडघे दुखतात. पुढे ते मैदानावर यायचेही थांबले. घरी गेलो की चहा, पिकांच्या गोष्टी, नातवाच्या गोष्टी. हॉकीचा विषय काढला की ते उठून आत जायचे. म्हातारपण, दुसरं काय, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

शेवटची भेट या हिवाळ्यातली, ते जाण्याच्या पंधरा दिवस आधीची. छातीचा त्रास वाढला होता. दुपारच्या उन्हात अंगणात खाटेवर पडले होते. मी यंदाच्या संघाचं कौतुक करत होतो, की पोरी पुन्हा बाद फेरीच्या दारात आहेत, तुम्ही बरे व्हा, चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मास्साब, त्या साली मी नऊ आणे पाह्यले व्हते."

मला कळेना. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही सहा लिहिले होते."

"लिव्हले सहा. पाह्यले नऊ." ते उठून बसायला लागले, मी पाठीला हात दिला. "जिंदगीभर कागदावर तेच केलं. सहा का सात, असं वाटलं की सहा लिव्हायचं. कमी लिव्हलं तं मदत येते. नऊ लिव्हले असते तं पोरींना बूट कोन देलं असतं? टर्फ कोन देलं असतं? तो कागद साहेबासाठी व्हता, मास्साब. तुमच्यासाठी नव्हता. तुम्हाले मी तोंडी सांगतो ना दरसाल... मले वाटलं, तुम्ही इचारसाल."

आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरातल्या लहान पोरालाही हे कळतं. आणेवारी कमी लागली की सरकार धावून येतं, जास्त लागली की कोणी फिरकत नाही. लिहिलेला आकडा मागण्यासाठी असतो. पण मी मास्तर, माझा बाप मास्तर. आम्ही जन्मभर मार्क दिले आणि मार्क वाचले. सोळापैकी सहा म्हणजे नापास, एवढंच मला वाचता आलं. ज्या संघात त्यांनी विजेतेपदाची आशा पाहिली होती, तो मी माझ्या हाताने सहा आण्यांचा करून टर्फवर उतरवला. आणि तसा उतरवल्यावर तो सहा आण्यांचाच निघाला, यात नवल काय?

"हे चार वर्षं का नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा, आजारी माणसावर. अप्पा म्हणाले, "तुम्ही शाल द्यायला निघाले व्हते... कोन्या तोंडानं सांगू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी चप्पल घातली आणि निघून आलो. पुन्हा जाईन, राग उतरला की जाईन, असं म्हणत पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी नितीनचा फोन आला. हे वाचणाऱ्याला मी फार वाईट माणूस वाटत असेन, तर वाटू दे. मलाही तसंच वाटतं.

तेराव्याला रोशनी आली होती. बायकांत बसली होती, मान खाली. मी उठून तिच्याकडे जाईपर्यंत ती निघून गेली. पुढचे काही दिवस मी मनात वाक्यं जुळवत होतो. आपण जाऊन सांगायचं की अप्पांनी आकडा चुकीचा लिहिला होता, त्या कागदामुळे तुझं नुकसान झालं, अप्पांनी शेवटी कबूल केलं. अप्पांचं ओझं आपण उतरवायचं. खरं सांगतो, त्या वाक्यांत सगळीकडे अप्पाच होते. मी कुठेच नव्हतो.

मागच्या रविवारी दापोऱ्याला गेलो. घरच्यांनी केळीच्या चिप्सचा छोटा कारखाना काढला आहे आणि तो रोशनीच चालवते. दोन बायका किसणीवर केळी ओढत होत्या, कढईचा वास अंगणभर होता. तिने हात पुसले, खाट ओढून दिली, घरच्यांची विचारपूस केली. मी जुळवलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली. माझं संपल्यावर ती म्हणाली, "माहीत आहे सर. अप्पा सांगून गेले व्हते."

"कधी?"

"तेव्हाच. मॅच झाल्यावर आठ दिवसांत. बसनं आले. बाबांच्या समोर हात जोडले त्यांनी. म्हणे, बेटा, माझ्या कागदानं तुझा घात झाला." तिने कढईकडे बघितलं. "मग दर महिन्याला येत राहिले. कधी काही बोलायचे नही. बसायचे, चिप्स तळताना बघायचे, चार वाजताच्या बसनं परत."

म्हणजे ज्या माणसाला मला सांगायची चार वर्षं हिंमत झाली नाही, त्याने त्या मुलीच्या दारात आठ दिवसांत जाऊन हात जोडले होते. आणि मी, बुऱ्हाणपूरहून दापोऱ्याला जायला किती वेळ लागतो ते पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हटलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"मी काबरं सांगू?" तिचा आवाज चढला नाही, पण तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "अप्पांनी आकडा लिव्हला सर. मला बाहेर तं तुम्ही बसवलं ना. तुम्ही रोज मला खेळताना बघत व्हते. तुम्हाला दिसत नव्हतं का, मी किती आण्याची आहे ते?"

किसणीवरच्या बायका थांबल्या होत्या. मला दिसत होतं. रोज दिसत होतं. डोळ्यांना दिसलेलं सोडून मी कागदावरचं धरलं, कारण हरलो तर कागदाकडे बोट दाखवता आलं असतं. आणि मी ते दाखवलंही, चार वर्षं, शाल-नारळासकट. मी म्हटलं, "चूक माझी होती रोशनी. मला माफ कर." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. काही वेळाने तिने विचारलं, "यंदाच्या पोरी कशा आहेत?"

पुढच्या आठवड्यात त्यांची बाद फेरी आहे. या वर्षी चिठ्ठ्या टाकायला कोणी नाही, म्हणून पालकांनी अंदाज माझ्याकडेच मागितला आहे. मी म्हटलं, "आठ आणे. बचाव चांगला आहे, गोलकीपर थोडी घाबरते, पुढे एक मुलगी आहे... मागे येत नाही." रोशनीच्या चेहऱ्यावर हसू आलं न आलंसं झालं. "आठ तुम्ही पाहिले का लिव्हले?" तिने विचारलं. मी म्हटलं, पाहिले. "पोरींना सांगितलं?" मी मान हलवली, नाही. "मग आधी त्यांना सांगा. कागद नंतर."

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. एक घोट घेतला आणि कळलं, साखर नव्हती. माझ्या चेहऱ्यावरून तिच्याही लक्षात आलं. कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे देवा! अप्पांना शुगर व्हती ना. बुऱ्हाणपूरचं कोणी आलं की हात आपोआप फिकाच टाकतो. थांबा सर, साखर आणते." मी म्हटलं, राहू दे. ती तरीही उभी राहिली. मी तो फिका चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, आणि चार वाजताच्या बसने परत आलो.